नव्या पेटीचा गंधार आबाजींना टोचतो, मोबाईल म्हणतो आबाजीच चुकतात

सोयाबीनवाला (धागाकर्ता)

राम राम राजेहो. गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. सोयाबीनची सोंगणी आटोपली, कापसाची पहिली वेचणी चालू आहे आणि कोजागिरीपासून काकडा बसणार, म्हणून मंडळाच्या पेटीचा विषय निघाला आहे.

झालं असं, की आमच्या भजनी मंडळाची जुनी पेटी तीस-पस्तीस वर्षांची. भाता फुसका झाला, दोन पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव घेत नाहीत. शेवटी गावाने वर्गणी काढून नागपुरातून नवी आणली. वाजवतो मीच. ऐकून ऐकून शिकलो आहे, शास्त्र माहीत नाही, चूकभूल पदरात घ्या.

पहिल्याच गुरुवारी आबाजींनी (वय अठ्ठ्याहत्तर, आमचे मुख्य गायक, गळ्यात वीणा) अभंग अर्ध्यात थांबवला. म्हणाले, "अबे, ह्या पेटीचा गंधार चढून राहिला ना! काऊन टोचते मले?"

आम्ही काळी एकमध्ये गातो, म्हणजे पहिली काळी पट्टी आमचा सा (षड्ज) आणि त्याचा ग (गंधार) येतो चौथ्या पांढऱ्या पट्टीवर, पांढरी चारवर. मी मोबाईलवर सूर मोजायचं ॲप टाकलं. नव्या पेटीच्या सगळ्या पट्ट्यांना काटा मधोमध, हिरव्यात. मग आबाजींना म्हटलं, जरा गंधार धरून ठेवा. काटा डावीकडे गेला, उणे १३, उणे १५, तिथेच डोलत राहिला. जुन्या पेटीची पांढरी चार वाजवून पाहिली तर उणे १२. पण षड्ज आणि पंचम लावायला सांगितलं तर आबाजी जवळजवळ काट्यावर!

मंडळात आता दोन पार्ट्या पडल्या. पोरं म्हणतात, म्हाताऱ्याचा कान गेला. मला ते पटत नाही. ज्याचा पंचम काट्यावर बसतो त्याचा गंधारच तेवढा कसा उतरेल, आणि रोज मोजून तेवढाच?

तर्कट_नागपूरकर

ॲप खोटं बोलत नाही. जुनी पेटी उतरली होती, तिच्यासोबत तीस वर्षं गाऊन आबाजींचा कानही तिच्यासारखा झाला. सवयीचा भाग आहे. सहा महिने नवी पेटी ऐकू द्या, टोचणं बंद होईल.

कापूसकोंड्या

फुटाणे घेऊन बसलो आहे. चालू द्या.

मास्तर_वाशीमवाले

ॲप खोटं बोलत नाही हे मान्य. पण ते कोणत्या मापाने मोजतं ते आधी पाहा.

हिशेबाला सोपा म्हणून षड्ज २४० कंपनांचा धरू. तार षड्ज त्याच्या दुप्पट, ४८०. हे सगळ्या जगात सारखं. भांडण आहे ते मधल्या पायऱ्यांचं. पेटीवाल्याने ह्या सप्तकाच्या बारा अगदी सारख्या पायऱ्या केल्या. कोणतीही पट्टी घ्या, पुढची पट्टी तिच्या १.०५९४६ पट. बारा वेळा गुणलं की बरोबर दुप्पट होते. ॲपचा काटा ह्याच शिडीवर मोजतो. म्हणजे पेटी आणि ॲप एकाच साच्यातून निघालेले. एकाने दुसऱ्याला बरोबर म्हटलं तर त्यात नवल काय?

गळा आणि तार मात्र पाढ्यांनी चालतात. पंचम म्हणजे षड्जाच्या दीडपट, ३६०. मध्यम एक पूर्णांक एक तृतीयांश, ३२०. आणि शुद्ध गंधार म्हणजे सव्वापट, ३००. माझ्या आजोबांच्या शाळेत सवायकी-दिडकीचे पाढे असत, तेच हे.

आता पेटी काय देते? पंचम ३५९.६, म्हणजे फरक नगण्य. मध्यम ३२०.४, तोही चालून जातो. गंधार ३०२.४! इथे घोडं अडलं. सेंटमध्ये बोलायचं तर (सप्तकाचे १२००, पेटीच्या एका पायरीचे १००) सव्वापटीचा गंधार ३८६ वर येतो आणि पेटीचा ४०० वर. फरक जवळपास १४. तुमचे आबाजी किती खाली गात होते म्हणालात?

सोयाबीनवाला

उणे १३ ते १५! मास्तर, काटा आला अंगावर.

पण मग पेटी बनवणाऱ्यांना सवायकी येत नव्हती का? सरळ ३०० चा गंधार का नाही ठेवला?

तर्कट_नागपूरकर

आकडे जुळले हे खरं. पण अडीच कंपनांचा फरक माणसाला ऐकू येतो, हे मला अजून पटलेलं नाही.

पेटीवाला_काका

तर्कटभाऊ, ऐकू कसा येतो ते सांगतो. मी आर्वीकडचा, चाळीस वर्षं साथ केली आहे. आकडे मला येत नाहीत, प्रयोग सांगतो.

सोयाबीनवाले भाऊ, स्टॉपर लावून सुरांची एकच ओळ उघडी ठेवा. दोन्ही ओळी चालू असतील तर त्यांचीच आपसातली लहर ऐकू येईल आणि फसाल. रात्री करा, पंखा बंद, टीव्ही बंद. काळी एक आणि काळी चार, म्हणजे सा आणि प, एकत्र दाबा. भाता अगदी संथ. सूर कसा उभा राहतो ते ऐका. मग काळी एक आणि पांढरी चार दाबा. आणि मग इथे येऊन लिहा.

सोयाबीनवाला

केलं काकाजी. बायको म्हणाली, एवढ्या रात्री काय पें पें लावलं.

सा-प दाबलं तर सूर संथ झोका घेतो, श्वास घेतल्यासारखा. घड्याळ लावून पाहिलं, एका सेकंदाला साधारण एक झोका. सा-ग दाबलं तर वरच्या अंगाला बारीक थरथर, फडफड म्हणा, मोजताच येत नाही इतकी जलद. आजवर एवढी वर्षं वाजवली, हे कधी ऐकलंच नव्हतं. आता ऐकू आलं तर जातच नाही कानातून. वाईट केलं तुम्ही!

मास्तर_वाशीमवाले

ती फडफड मोजता येते, कागदावर. प्रत्येक सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक सूर वाजतच असतात. षड्जाची पाचपट १२००. सव्वापटीच्या गंधाराची चौपटही १२००. दोन्ही एकमेकांवर चपखल बसतात, सूर थंड होतो. पेटीच्या ३०२.४ ची चौपट मात्र १२०९.६. हे दोघे एकमेकांना खेटून राहिले की सेकंदाला साडेनऊ हेलकावे. तुमची काळी एक २७७ कंपनांची आहे, तिथे अकरा होतील. पंचमाला तिथे एकाहून किंचित कमी, तुम्ही मोजलं तेवढंच. म्हणून तर्कटभाऊ, कानाला अडीच कंपनं ओळखावी लागतच नाहीत, अकरा हेलकावे टोचतात.

आता "सवायकी येत नव्हती का" ह्याचं उत्तर. येत होती, पण दिडकी आणि सवायकी एका घरात नांदत नाहीत. षड्जापासून पंचमावर पंचम चढत जा: २४०, ३६०, ५४०, ८१०, १२१५. सा, प, रे, ध, आणि चौथ्या दिडकीला गंधार. तोच गंधार सव्वापटीने काढून दोन सप्तकं वर न्या: ३००, ६००, १२००. एकीकडे १२१५, दुसरीकडे १२००. पंचम सगळे शुद्ध ठेवले तर गंधार पेटीहूनही चढा होतो. गंधार शुद्ध ठेवला तर मधला कुठला तरी पंचम बिघडतो. बारा दिडक्या आणि सात दुपटीसुद्धा जुळत नाहीत: १२९.७५ विरुद्ध १२८. पेटीने काय केलं, प्रत्येक पंचमाचे दोन-दोन सेंट कापून हे वर्तुळ बंद केलं. भुर्दंड पडला गंधार, धैवत आणि निषादावर. धैवत ८८४ चा ९०० झाला, निषाद १०८८ चा ११००. कोमल गंधार उलट उतरला, ३१६ चा ३००.

श्रुतिप्रेमी

हे सगळं भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगून ठेवलं आहे. बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातल्या बावीस बारीक पायऱ्या. आपण विसरलो आणि परदेशी पेटी डोक्यावर घेतली.

तानपुरेवाली

श्रुतिप्रेमी, जरा दमानं. मी अमरावतीला गाणं शिकवते, हा वाद दर दिवाळीला घरी होतो.

भरताने श्रुतींची वाटणी दिली आहे: सा ४, रे ३, ग २, म ४, प ४, ध ३, नि २. दोन वीणांचा प्रयोगही दिला आहे, एक अचल ठेवायची आणि दुसरीचे सूर पायरीपायरीने उतरवत न्यायचे. पण सव्वापट-दीडपट असे अपूर्णांक त्यात नाहीत. ते गणित पुढच्यांनी बसवलं. आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली ह्यावर पुस्तक काढलं, त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा होता. पुढे १९६३ मध्ये नझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी मोठ्या कलावंतांचं वादन यंत्राने मोजलं, तर एकाच माणसाचा गंधार एकाच बैठकीत इकडेतिकडे सरकताना सापडला. दरबारीचा कोमल गंधार तर आंदोलतच असतो, त्याला कुठल्या खुंटीला बांधणार?

तरी आबाजींचा गंधार तिथेच का बसतो, ह्याचं कारण मला त्यांच्या गळ्यात दिसतं. म्हणजे गळ्यातल्या वीणेत! तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली आणि जवारी (तार घोडीला घासून उठणारी गुंज) उघडली, की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो मास्तरांचा पाचपटीचा सूर. विद्यार्थ्याला तो पहिल्यांदा ऐकू येतो तेव्हाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. वारकरी वीणा ही तानपुरा नव्हे, तरी तार ती तारच. पन्नास वर्षं कानाजवळ ती वाजली असेल तर माणूस त्याच गंधारावर जाऊन बसणार. त्यांना कोणी शिकवलंही नसेल.

अवांतर: वीणेची तार उन्हाने उतरते, हे लक्षात ठेवा. एप्रिलच्या सप्ताहात दुपारचं भजन असेल तर दर अभंगाला खुंटी पिळावी लागते.

श्रुतिप्रेमी

ताई, देवलांचं माहीत नव्हतं. पण मुद्दा तोच राहतो, पेटी आपली नाहीच. आकाशवाणीने उगाच बंदी घातली नव्हती.

तानपुरेवाली

बंदी होती खरी, १९४० पासून १९७१ पर्यंत. पण तीस वर्षांत गावोगावच्या भजनातून पेटी हलली का? पॅरिसच्या दबेंने १८४२ मध्ये पायपेटीचं पेटंट घेतलं, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हातभात्याची करून मांडीसमोर आणली, आणि आपल्याकडे ती मृदंगाशेजारी जाऊन बसली. आता तिला परकी म्हणून हाकलणार कोण? ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली, तो रस्ता आहे. पण गावच्या वर्गणीत ते बसणारं नाही.

झाडीतला

मी देसाईगंज वडसाकडचा. झाडीपट्टीच्या नाटकात वाजवतो जी. दिवाळीनंतर आमचा हंगाम, रात्रभर नाटक. एका नाटकात नायक पांढरी चारमध्ये गाणार, नायिका काळी पाचमध्ये, विनोदी नट त्या दिवशी घसा बसला म्हणून आणखी खालून. मास्तर, तुमची सव्वापटीची पेटी आमच्याकडे पहिल्या अंकातच मार खाईल. त्या बारा सारख्या पायऱ्या आहेत म्हणून आमचं पोट आहे. आता तर बहुतेक ठिकाणी विजेचा कीबोर्ड आला, बटण दाबलं की पट्टी बदलते.

गंधाराची फडफड म्हणाल तर मंडपात दोन हजार माणूस, भोंगे, जनरेटर. कोणाला ऐकू येते बापा!

सोयाबीनवाला

झाडीतले भाऊ, तुमचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली.

तीन-चार वर्षांमागे रामनवमीच्या सप्ताहात एक कीर्तनकार आले. काळी दोनमध्ये गायचे. जुन्या पेटीवर मी सूर धरला, दोन मिनिटांत त्यांनी हाताने खूण केली, पेटी राहू द्या. सगळ्या गावासमोर. मला वाटलं, माझा हात चुकला. तेव्हापासून बाहेरचा बुवा आला की माझ्या पोटात गोळा येतो.

काल जुनी पेटी पुन्हा काढली. भात्याला चिकटपट्टी लावून कशीबशी वाजवली. काळी दोनवर सा धरला तर पंचम होतो काळी पाच. दोन्ही एकत्र दाबल्या. काय सांगू, पंचमच लंगडत होता! नव्या पेटीच्या गंधारासारखीच फडफड, पण पंचमाला. ॲप म्हणतं काळी दोन अधिक ३, काळी पाच उणे १५.

ती पेटी दरवर्षी एक म्हातारे कारागीर येऊन जुळवायचे. ॲप-बिप काही नाही. आबाजींना समोर बसवायचे, गायला लावायचे आणि कानस घ्यायचे.

मास्तर_वाशीमवाले

वा! सोयाबीनवाले, तुम्ही तर पुरावाच काढलात कपाटातून.

त्या कारागिराने पेटी काळी एकसाठी, सवायकीने जुळवली होती. रिषभ २७०, धैवत ४००. काळी एकमध्ये दोन्ही गोड. पण २७० ला षड्ज केलं की त्याची दीडपट ४०५ हवी, पेटीत आहे ४००. २७० ची तिप्पट ८१०, ४०० ची दुप्पट ८००. सेकंदाला दहा हेलकावे, तेही पंचमाला. कीर्तनकार पेटी बंद करणार नाहीत तर काय! तुमचा हात चुकला नव्हता.

आणि हा तिढा पेटीसोबत आलेला नाही. रिषभाशी जुळणारा धैवत वेगळा, मध्यमाशी जुळणारा वेगळा. भरताचे षड्जग्राम आणि मध्यमग्राम असे दोन ग्राम (सप्तकातल्या स्वरांच्या दोन मांडण्या) एका श्रुतीने वेगळे आहेत, ते अशाच कुठल्या तरी अडचणीतून, असं माझं मत. तानपुरेवाली ताई रागावतील कदाचित.

तानपुरेवाली

नाही रागावत. मध्यमग्रामात पंचम एक श्रुती खाली येतो, तेवढं भरताने लिहिलंच आहे. पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.

तर्कट_नागपूरकर

पहिल्या प्रतिसादातलं "सवयीचा भाग" मागे घेतो. जुनी पेटी उतरली नव्हती, उतरवली होती.

मग आता नव्या पेटीची पांढरी चार कानशीने उतरवून घ्या की. झाला प्रश्न मिटला.

पेटीवाला_काका

अरे बाबा, थांबा! कोणी कानस हातात घेऊ नका.

सुराची पितळी जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही. एक गंधार म्हणजे एक जीभ नव्हे. जेवढी सप्तकं गुणिले जेवढ्या ओळी. आणि एवढं करून पांढरी चारचा कोणी गायक आला की त्याचा षड्जच खाली. पुन्हा पेटी राहू द्या.

तात्पुरतं पाहायचं असेल तर जिभेच्या टोकाला मोहरीहून बारीक मेणाचा कण लावतात, वजनाने सूर उतरतो, नको तेव्हा काढून टाकायचा. पण आपल्याकडे मे महिन्यात मेण तरी जागेवर राहील का?

माझं ऐका, पेटीला हात लावू नका. स्वतःचा हात बदला. आबाजी गंधारावर उभे राहिले की तुम्ही पांढरी चार सोडून द्यायची. बोट उचला. खाली सा-प हलके धरा, फार तर नुसता सा. त्यांच्या मागून जाताना गंधाराला स्पर्श करून पुढे निघा, मुक्काम करू नका. धैवत-निषादालाही तेच. आम्हाला आमच्या उस्तादांनी कारण सांगितलं नव्हतं, फक्त म्हणायचे, "गवई बसला की तू ऊठ." कारण आज ह्या धाग्यावर कळलं.

द्रुत चालीत, गजराला, काही पाळू नका. टाळ-मृदंगात सगळं वाहून जातं.

कापूसकोंड्या

फुटाणे संपले पण धागा वाया नाही गेला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खंजेरीवाला

उशिरा आलो. आमच्याकडे राष्ट्रसंतांची खंजेरी भजनं, मोझरीची परंपरा. खंजेरी, टाळ्या आणि खडा आवाज, पेटी असली तर असली. आमचे म्हातारेही पेटी बंद पडली की जास्त रंगतात. ते का, हे आता डोक्यात आलं.

एक प्रश्न: मोबाईलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपमध्ये कोणता गंधार येतो?

तानपुरेवाली

सा-पच्या तारा जुळवलेल्या असतात, गंधार त्यातून आपोआप निघतो, त्यामुळे बहुधा सव्वापटीचाच. फोनच्या भोंग्यातून खर्ज येत नाही, चांगल्या स्पीकरला जोडून ऐका. सूरपेटीत गंधाराचा वेगळा सूर लावायची सोय असेल तर मात्र तो बारा पायऱ्यांतला असू शकतो, तपासून घ्या.

सोयाबीनवाला

मंडळी, कोजागिरीला काकडा बसला. आज सातवा दिवस, म्हणून लिहायला उशीर. पहाटे चारला उठणं आणि दिवसा वेचणी.

काकाजींनी सांगितलं तसंच केलं. पेटी नवीच, कानस नाही, मेण नाही. पहिले दोन दिवस बोट सवयीने पांढरी चारवर जाऊन बसायचं, मग आठवण झाली की उचलायचं. तिसऱ्या दिवशी जमलं. आबाजींनी आलापात गंधार लावला, मी बोट काढून घेतलं, खाली नुसते सा-प. मंदिरात थंडी, माणसं आठ-दहाच, आणि तो गंधार असा काही उभा राहिला की मृदंगवाल्यानेही हात थांबवला.

आरती झाल्यावर आबाजी चहा पिताना म्हणाले, "आता बरी वाजून राहिली पेटी. कोठून दुरुस्त करून आणली बे?"

मी म्हटलं, "आर्वीवरून."

पेटीवाला_काका

😄 दुरुस्तीचे पैसे पाठवा.

झाडीतला

काकाजी, आमच्या कीबोर्डलाही पाहून द्या जी, हंगाम तोंडावर आला.